बिकोला बासमती चालत नाही हो!

संपादकसाहेब, नमस्कार.

तुमचा पेपर आमच्याकडे लग्नाच्या आधीपासून येतो, म्हणजे सासरी, पण पत्र मी पहिल्यांदाच लिहितेय आणि तेही मोबाईलवर टाईप करतेय त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय तुम्हाला किरकोळ वाटेल, पाणीकपात नाही, खड्डे नाहीत, हार्बर लाईनचा मेगाब्लॉक पण नाही, पण या एका विषयावरून आमच्या घरात आणि आमच्या मजल्यावर तीन आठवडे जे काय चाललंय ना ते बघता लिहिणं भाग आहे.

नाताळच्या आधीच्या रविवारी तुमच्या पुरवणीत जगभरातल्या गोड पदार्थांचं एक पान आलं होतं. त्यात खाली डाव्या कोपऱ्यात फिलिपिन्सचा बिको होता, म्हणजे नारळाच्या दुधातला गोड चिकट भात. मी तर उडालेच. माझे मिस्टर जहाजावर फिटर आहेत आणि बिको हा शब्द आमच्या घरात गेली १२ वर्षं ऐकू येतोय, जसा एखाद्याच्या घरात खरवस ऐकू येत असेल तसा. जहाजांवर फिलिपिनो लोक खूप असतात, कुठल्याही जहाजावर जा चीफ कुक नाहीतर बोसन नाहीतर थर्ड मेट, कोणीतरी असतोच, आणि कोणाचा वाढदिवस आला की गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, तो बिको होतो. घरी आले की यांचं सुरू, "तो भात काय लागतो माहितीये का तुला". दरवेळी ऐकून घ्यायचं. त्यामुळे पेपरात मराठीतून रेसिपी दिसल्यावर मला वाटलं चला, आता करून फोटोच पाठवते.

आता तुम्ही काय छापलं होतं ते आठवा. दोन वाट्या बासमती, कुकरला चार वाट्या पाणी घालून तीन शिट्ट्या. मग नारळाच्या दुधाचा एक टिन, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, ब्राऊन शुगर, पानदान नावाच्या सुवासिक पानाच्या इसेन्सचे चार थेंब, वरून काजू बदाम. आणि खाली बारीक अक्षरात टीप, की मूळ पदार्थात ग्लूटिनस राइस वापरतात, त्यात ग्लूटेन जास्त असल्याने ज्यांना ग्लूटेन चालत नाही त्यांनी बासमतीच घ्यावा. शेजारी जो फोटो होता तो थायलंडच्या आंब्याच्या भाताचा होता, पिवळाधमक हापूससारखा आंबा कापून ठेवलेला. बिकोत आंबा नसतो हो. बिको खजुराच्या रंगाचा असतो.

मी त्याच दिवशी केला. सीवूड्सला जाऊन टिन, डबा, ती साखर आणि इसेन्स घेऊन आले, बिल बघून आई (म्हणजे माझ्या सासूबाई) म्हणाल्या एवढ्यात तीन किलो गुळाचे लाडू झाले असते. आणि झालं काय, तर आपला साखरभात, तोही फसलेला. शीत न् शीत सुटं, गोड गोड दुधात पोहतंय. ताटात थापून वड्या पाडायला गेले तर सुरी फिरवली की बाजूचा भात घरंगळून खाली. मिस्टरांना फोटो पाठवला, तेव्हा त्यांचं जहाज कुठेतरी समुद्रात होतं, नेट मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, फक्त तीन शब्द, "हे काय आहे". मग व्हॉइस नोट आली. मागे त्यांचा चीफ कुक हसताना ऐकू येत होता, तो बासमती हा एकच शब्द परत परत म्हणत होता.

तर मूळ मुद्दा हाच आहे साहेब. तुम्ही जिथे हट्ट धरायला नको तिथे धरलाय आणि जिथे धरायला हवा तिथे सोडून दिलाय. टिन नको, डबा नको, इसेन्स नको, ब्राऊन शुगर तर अजिबातच नको, हे सगळं आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या कुठल्याही कोकणी घरात याहून चांगलं असतं. बदलता येत नाही तो फक्त तांदूळ. आणि नेमका तोच तुम्ही बदललात.

तांदळाचं जरा सविस्तर सांगते, कारण माझा मुलगा दहावीला आहे आणि त्याने या सगळ्याचा सायन्स प्रोजेक्ट करून टाकलाय. तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन प्रकार असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त तर भात मोकळा होतो. बासमतीत ते साधारण २० ते २५ टक्के असतं म्हणून तर बिर्याणीचं शीत सुटं राहतं. फिलिपिन्समध्ये बिकोला लागतो त्या तांदळाला मालागकित म्हणतात, म्हणजे चिकट, त्यात अमायलोज जवळजवळ नसतंच, फार तर १-२ टक्के. म्हणून तो शिजला की शितं एकमेकांना धरून बसतात, पण लगदा होत नाही, चावताना दाताला मस्त ओढ लागते. ही ओढ म्हणजेच बिको, नाहीतर मग गोड भात आपल्याकडे काय कमी आहेत.

आणि ग्लूटिनस म्हणजे नुसतं चिकट, डिंकासारखं. ग्लूटेन हे प्रोटीन गव्हात असतं, बार्लीत असतं, राय नावाच्या गव्हासारख्या धान्यात असतं (आपली मोहरी-राई नव्हे). तांदळात नसतं, बासमतीत नाही, आंबेमोहरात नाही आणि या चिकट तांदळातही नाही. नाव सारखं वाटतं एवढंच. यावरून मी पत्र का लिहितेय ते शेवटी सांगते, ते महत्त्वाचं आहे.

आता तांदूळ आणायचा कुठून. मीही आधी इंद्रायणी घेतला होता, दुसऱ्या प्रयत्नाला. म्हटलं मावळचा आहे, आंबेमोहराच्या घरातला, चिकट असतो, आमच्याकडे गुरगुट्या भाताला तोच लागतो. केला. खरं सांगू का, चवीला छान झाला, दोन दिवसात संपला पण. पण तो गुळभात होता. गार झाल्यावर वडी उभी राहिली नाही, दाताला ओढ नाही, मऊ मऊ नुसता. तुम्ही निदान इंद्रायणी लिहिलं असतंत तर मी पत्र लिहिलं नसतं, एवढं म्हणते. मग कोणीतरी सांगितलं मॉलमध्ये सुशी राइस मिळतो तो चिकट असतो. तोही तो नव्हे! सुशीचा तांदूळ आखूड आणि थोडा चिकट असतो पण जपानी लोकसुद्धा मोचीला, म्हणजे त्यांच्या चिकट भात कुटून केलेल्या गोळ्यांना, तो घेत नाहीत, मोचीचा तांदूळ वेगळा असतो. पाकिटावर नुसतं स्टिकी लिहिलंय म्हणून घेऊ नका.

खरा चिकट तांदूळ कच्चा असतानाच ओळखता येतो. आपला नेहमीचा तांदूळ उजेडात धरला की काचेसारखा थोडा आरपार दिसतो, हा खडूसारखा पांढराफटक दिसतो, आरपार काहीच नाही. आणि मुलाने अजून एक केलं, औषधाच्या डब्यातलं जखमेवर लावायचं आयोडीन पाण्यात पातळ केलं आणि दोन बशांत तांदळाचे दाणे चिरडून त्यावर टाकलं. बासमती निळा-काळा झाला. दुसरा तांबूस तपकिरी. अमायलोज असलं की निळा येतो म्हणे, शाळेत बटाट्यावर करतात तेच. ते दाणे अर्थात फेकून दिले, कोणी खाऊ नका.

दुसरा म्हणजे कुठला, तर आसामचा बोरा साउल. ही आयडिया मला वाशी स्टेशनजवळ आसाम भवन दिसलं तेव्हा आली. वाशीला बघा ना, केरळ हाऊस आहे, आसाम भवन आहे, रोज बसमधून जाताना दिसतं आणि आपण कधी विचारच करत नाही. तर मुलाच्या क्लासमधल्या एका मित्राची आई जोरहाटची आहे, तिला विचारलं तुमच्याकडे चिकट तांदूळ असतो का, तर ती म्हणाली असतो म्हणजे काय, आमचा बिहू त्याच्याशिवाय होतच नाही. जानेवारीतला माघ बिहू, आपल्या संक्रांतीच्या वेळचा, त्यात बोरा तांदळाच्या पिठाचा, तीळ-गूळ भरलेला पिठा नावाचा गोड पदार्थ करतात. तिच्याकडे घरून आलेला होता, किलोभर दिला, पैसे घेतले नाहीत, मी बदल्यात तिळाच्या वड्या दिल्या. मणिपूरचा काळा चाकहाओ पण याच जातीचा आहे, त्याला २०२० मध्ये जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाला, तो ऑनलाईन सहज मिळतो. फिलिपिन्समध्येही असा काळा-जांभळा चिकट तांदूळ आहे, पिरुरुतोंग म्हणतात, नाताळात त्याचा एक जांभळा पदार्थ बांबूच्या नळीत वाफवतात, पुतो बुंबोंग, आपल्या केरळवाल्यांच्या पुट्टूसारखा दिसतो अगदी. चाकहाओचा बिकोही होतो, फक्त तो रात्रभर भिजवायला लागतो आणि शिजायला वेळ खातो. एकूण काय, सिंगापूरहून मागवायची गरज नाही, आपल्याच देशात पिकतो.

फिलिपिन्सचा आणि आपल्या भाताचा संबंध तर जुनाच आहे. आईंना मी विचारलं फिलिपिन्स माहितीये का, तर म्हणाल्या तो आय-आर-आठवाला देश ना. मला कळेचना. मग कळलं की फिलिपिन्समधल्या लॉस बान्योसला १९६० मध्ये तांदळाची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था निघाली, तिने १९६६ ला आयआर-८ नावाचं बुटकं, भरघोस पिकणारं भात काढलं आणि ते आपल्याकडे खेडोपाडी आलं. आईंचे वडील देवगडकडचे, त्यांनी लावलं होतं. पीक खूप, पण भात गार झाला की कडक, घशाखाली उतरायचा नाही म्हणे. तर त्यात अमायलोज जास्त होतं, म्हणजे बिकोच्या तांदळाच्या अगदी उलट! एकाच देशाचे दोन तांदूळ, एक आमच्या सासूबाईंच्या घशात अडकलेला आणि एक मिस्टरांच्या जिभेवर बसलेला.

आता करायचं कसं. हे जरा नीट वाचा कारण दुरुस्ती छापताना उपयोगी पडेल.

दोन वाट्या बोरा तांदूळ चार-पाच तास भिजवला, रात्री भिजवला तरी चालतो. पाणी उपसून मोदकपात्रात ओलं पंचाचं फडकं घालून त्यावर पसरला आणि वाफवला, अर्धा तास. मधे एकदा उलथून पाण्याचा हबका मारायचा. फिलिपिन्समध्ये बरेच जण पातेल्यात थोड्या पाण्यात शिजवतात, तसंही चालेल, पण पाणी तांदळाच्या जेमतेम बरोबरीने, जास्त नाही. कुकरला दुप्पट पाणी आणि तीन शिट्ट्या केल्यात तर बोऱ्याची खळ होईल, पतंग चिकटवा त्याने, संक्रांत आलीच आहे.

नारळ तीन घेतले. हल्ली नारळ ५०-६० च्या खाली देत नाहीत ते ठाऊक आहे, पण टिनपेक्षा स्वस्तच पडले. खवून मिक्सरला कोमट पाण्यात फिरवून पंचातून पिळायचे, पहिलं जाड दूध वेगळं, दुसरं पातळ वेगळं, सोलकढीला काढतो तसंच. फिलिपिनो लोकही असंच दोनदा काढतात, पहिल्या दुधाला त्यांच्याकडे काकांग गाता म्हणतात. हे ऐकून मुलगा दिवसभर काका गाता काका गाता करत फिरत होता.

आता सगळ्यात मजेचा भाग, जो तुमच्या रेसिपीत अजिबातच नव्हता, काजू-बदाम होते त्याच्या जागी. बिकोवर लातिक घालतात. पहिल्या जाड दुधातली दीड वाटी कढईत घ्यायची आणि मंद गॅसवर ठेवून द्यायची. आधी उकळतं, मग आटतं, मग फुटल्यासारखं दिसतं, तिथे घाबरून गॅस बंद करायचा नाही. हळूहळू कडेने तेल सुटायला लागतं आणि मधे पांढरे कण राहतात, ते ढवळत ढवळत बदामी होऊ द्यायचे. अर्धा-पाऊण तास जातो. गाळून घेतलं की वर राहतात ते खमंग कुरकुरीत कण म्हणजे लातिक. खाली जे खोबरेल उरतं ते ताटाला लावायला.

मी हे मिस्टरांच्या व्हॉइस नोटवरून करत होते आणि आई स्टुलावर बसून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगो, ह्या तर आवेल काढतत तसाच आसा." आवेल म्हणजे नारळाच्या दुधापासून घरी काढलेलं तेल, त्यांच्याकडे तान्ह्या बाळाला चोळायला करायचे. आणि तळाशी उरायचं ते? तर तूप कढवल्यावर जशी बेरी उरते तशी नारळाची बेरी, पोरं गूळ घालून खायची, भांडणं व्हायची म्हणे त्यावरून. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी दोन दिवस व्हिडिओ बघत होते ती आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती. टिनच्या दुधाचं हे नीट होत नाही, आधी मी ते उरलेलं टिन आटवून बघितलं होतं, त्यात दूध आणि तेल वेगळं होऊ नये म्हणून काही ना काही घातलेलं असतं, ते नुसतं घट्ट होत बसलं, तेल सुटेचना. ताजा नारळच हवा.

इथे एक गंमत सांगते. जहाजावरचा चीफ कुक इलोइलोचा आणि थर्ड मेट बातांगासचा. आमच्या फोनवरून त्या दोघांत जुंपली. बातांगासवाला म्हणतो लातिक म्हणजे हे कुरकुरीत कण, इलोइलोवाला म्हणतो छे, आमच्याकडे लातिक म्हणजे नारळाचं दूध आणि गूळ आटवून केलेला दाट पाक, तो वरून ओततात. दोघंही बरोबर आहेत, उत्तरेला लुझोनमध्ये कण आणि खाली विसायाच्या बेटांवर पाक. वर बातांगासवाला बिकोला बिको म्हणायलाही तयार नाही, त्यांच्याकडे सिनुकमानी म्हणतात. मिस्टर म्हणाले मी म्हटलं भांडू नका, आमच्याकडे घावन आणि आंबोळीवरून असंच होतं. मी दोन्ही केलं, पाक घालून वर कण टाकले, दोघांनाही फोटो पाठवला, दोघांनीही नाकं मुरडली.

गुळाचं म्हणाल तर दीड वाटी चिरून, कोल्हापुरी, साधा. चिक्कीचा गूळ नको, कडक होतो. ब्राऊन शुगरसाठी तुम्ही एवढा आग्रह का धरलात कळत नाही, त्यांच्याकडे स्वतःचा उसाचा गूळ असतो, पनुत्सा म्हणतात, नारळाच्या करवंटीत ओतून त्याच्या ढेपा करतात. तर गूळ दुसऱ्या पातळ दुधात विरघळवून गाळून घ्यायचा, खडे असतात, आणि मंद आटवायचा काकवीसारखा होईपर्यंत. अर्धा चमचा मीठ, विसरायचं नाही, मीठ नसेल तर नुसतं गोडमिट्ट लागतं. मग त्यात वाफवलेला भात आणि उरलेलं जाड दूध. तांदूळ आधी पूर्ण शिजलेला पाहिजे हं, कारण एकदा गूळ पडला की मग तो शिजत नाही, हे नारळी भात करणाऱ्या कुठल्याही बाईला सांगायला नको, नारळीपौर्णिमेला हीच चूक करून मी एकदा सासरी बोलणी खाल्लेली आहेत.

यानंतर फक्त ढवळायचं. जाड बुडाचं पातेलं, लाकडी उलथणं आणि २० मिनिटं. शेवटी शेवटी हात भरून येतो, कारण ते गोळा होऊन उलथण्याबरोबर फिरायला लागतं. कडा सोडून आलं की झालं. मिस्टर म्हणतात गॅलीत हे काम आळीपाळीने करतात, इंजिनरूममधून वर आलेल्या माणसाला पण हातात उलथणं देतात. आमच्याकडे मी, मुलगा आणि शेवटी वॉचमनकाका, ते पार्सल द्यायला वर आले होते बिचारे.

केळीचं पान नेरुळ स्टेशनबाहेर करावे गावातल्या मावशी बसतात त्यांच्याकडून आणलं, गॅसवर जरा शेकवून मऊ करून ताटात घातलं, त्याला ते लातिकचं खोबरेल चोळलं आणि वर बिको थापला. तिकडे विणलेल्या गोल सुपासारख्या बिलाओमध्ये पान घालून थापतात आणि तो बिलाओच्या बिलाओ उचलून वाढदिवसाला नाहीतर जत्रेला घेऊन जातात. आणि वासाला तिकडे पानदानचं पान घालतात, इसेन्स नाही, पान. ते पान म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आपल्याकडे कुंडीत आंबेमोहोर पात लावतात ना भाताला वास यायला, तेच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे कुंडी आहे, एक पान गाठ मारून दुधात टाकलं, बास. चार थेंब इसेन्सने माझं पहिलं पातेलं रूम फ्रेशनरसारखं वासत होतं.

गार झाल्यावर वड्या पाडल्या, सुरीला तेल लावून. उभ्या राहिल्या! वर लातिक भुरभुरलं. आईंनी एक खाल्ली, मग काही न बोलता दुसरी घेतली, मग म्हणाल्या खांडवीची मोठी बहीण दिसते. आपल्या हवेत नारळ टिकत नाही त्यामुळे बाहेर एकच दिवस, फ्रिजमध्ये ठेवलं तर दगड होतो, पण पुन्हा वाफवला की परत मऊ. त्यांच्या भाषेत अशा सगळ्या तांदळाच्या गोडाधोडाला काकानिन म्हणतात, कानिन म्हणजे शिजलेला भात त्यावरून. शेतातल्या भाताला वेगळा शब्द, तांदळाला वेगळा, शिजलेल्याला वेगळा, पालाय, बिगास, कानिन. आपणही साळ, तांदूळ, भात म्हणतोच ना. इंग्रजीत मेलं सगळ्याला एकच राइस, त्यामुळे रेसिपी इंग्रजीतून उचलली की हे घोळ होतात असा आपला माझा अंदाज, तुमच्याकडे काय झालं ते तुम्हाला माहीत.

आता शेवटचं, ज्यासाठी मुळात हे पत्र. आमच्या मजल्यावर एक ९ वर्षांची मुलगी आहे, तिला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे ग्लूटेन न चालण्याचा आजार. गव्हाचा कणसुद्धा चालत नाही. वाढदिवसाला सगळी मुलं केक खातात आणि ही डब्यातून स्वतःचं काहीतरी आणते, बघवत नाही. तिची आई सगळं डोळ्यात तेल घालून करते, मोदकाची पिठीसुद्धा बाहेरच्या गिरणीत दळत नाही, कारण त्याच जात्यावर आधी कोणाचा तरी गहू दळलेला असतो, घरी मिक्सरला करते. मी बिको केला तेव्हा पहिली वाटी तिच्यासाठी काढली होती, नुसता तांदूळ, नारळ, गूळ, मीठ, याहून निर्धोक काय असणार. आणि ताईंनी वाटी परत केली. पेपरात आलंय म्हणाल्या, या तांदळात ग्लूटेन भरपूर असतं म्हणून, कात्रण फ्रिजवर लावलंय त्यांनी, काय काय द्यायचं नाही त्या यादीशेजारी. मी म्हटलं अहो ताई ते चुकलंय, तांदळात कुठे ग्लूटेन, नुसतं नाव तसं आहे, मुलाने आयोडीनच्या बशा पण नेऊन दाखवल्या, (आयोडीनने ग्लूटेन कळत नाही हे नंतर त्याच्या लक्षात आलं, असो). त्या म्हणाल्या तुम्ही चांगल्या मनाने सांगताय पण छापून आलंय ना. पोरगी दारात उभी राहून वाटीकडे बघत होती.

त्यांचं काही चुकलं नाही. नाही द्यायचं आणि चूक निघाली तर एक वडी गेली, द्यायचं आणि चूक निघाली तर पोरगी आठवडाभर पोट धरून बसणार. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं. पण मग चूक दुरुस्त करणं तुमच्याकडेच आलं ना.

तर विनंती अशी की येत्या रविवारी त्याच पुरवणीत, त्याच पानावर, बारीक अक्षरात नाही, दुरुस्ती छापा. बासमतीचं, कुकरचं, फोटोचं राहू दे हवं तर, ते मी हसण्यावारी नेते. ग्लूटेनची ओळ मात्र छापाच, की चिकट तांदळात ग्लूटेन नसतं. बोरा माझ्याकडे अजून पाव किलो आहे आणि मिस्टर मार्चमध्ये साइन ऑफ होऊन जहाजावरून उतरतील तोपर्यंत तो मी उघडणार नाहीये. ताईंच्या फ्रिजवर तुमच्या जुन्या कात्रणावर नवीन कात्रण चिकटवायचंय, त्याला मात्र खळच वापरेन.

आपली,
एक वाचक,
नेरुळ, नवी मुंबई